‘बाळा, मग हे जाणार कुठून?’ : मेटॅलोफुलरीनवर काम करणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

प्रिय संशोधक मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

मी मिरजेत एमआरआय तंत्रज्ञ आहे. या कामाला आता २२ वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत असेल, कुणी जपान-अमेरिकेत. तुम्ही कार्बनच्या पिंजऱ्यात गॅडोलिनियम नावाचा धातू कोंडता (अशा रेणूला मेटॅलोफुलरीन म्हणतात) आणि उद्या ते पेशंटच्या शिरेतून देता येईल, अशी आशा धरता. ते औषध प्रत्यक्ष देणारे हात माझ्यासारख्यांचे असतील. म्हणून हे पत्र.

त्याला निमित्त झालं एका आजींचं, आणि एका स्लाइडचं.

आजींचं वय ७२, वजन ४८ किलो, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोनोग्राफीत यकृतावर एक गाठ दिसली होती. ती कसली आहे हे ठरवायला डॉक्टरांनी काँट्रास्ट देऊन एमआरआय करायला सांगितलं होतं. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेला, डावा हात सोडून उजव्या हाताला शीर शोधत मी त्यांना नेहमीसारखं समजावलं, “आजी, शिरेतून थोडं औषध सोडणार आहे. त्यानं गाठ नीट दिसेल. एका दिवसात ते लघवीवाटे निघून जातं.” हे वाक्य मी हजारो वेळा बोलले असेन. आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बाळा, मला दोन वर्षं झाली, लघवीच होत नाही. मग हे जाणार कुठून?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं. त्यांना दिलं जाणारं औषध मॅक्रोसायक्लिक, म्हणजे गॅडोलिनियमला घट्ट धरून ठेवणाऱ्या गटातलं होतं आणि त्याच दुपारी त्यांचं डायलिसिस ठरलेलं होतं. डायलिसिसच्या मशीनमधून हे औषध बरंचसं निघून जातं आणि उरलेलं पुढच्या एक-दोन खेपांत. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

त्याच महिन्यात माझी भाची सुट्टीला घरी आली. ती एम.एस्सी. करते. सेमिनारसाठी तिनं विषय घेतला होता, ‘एमआरआयसाठी गॅडोलिनियम मेटॅलोफुलरीन’. रात्री जेवणानंतर तिनं मला स्लाइड दाखवल्या. तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘२० पट!’ सध्याच्या काँट्रास्टपेक्षा वीस पट प्रभावी. मला खरोखर आनंद झाला. वीस पट म्हणजे औषध विसाव्या हिश्शानं पुरेल. मी विचारलं, “आणि हे बाहेर कधी पडतं?” तिनं पुढच्या स्लाइड चाळल्या, मागच्या चाळल्या आणि म्हणाली, “मावशी, ते यात नाही.”

पुढचे दोन रविवार आम्ही दोघी मूळ शोधनिबंध वाचत बसलो. रसायनशास्त्र तिनं मला समजावलं, स्कॅन रूम मी तिला. त्यातून जे समजलं आणि जे खटकलं ते तुमच्यासमोर ठेवते. तुम्हाला यातलं बरंच ठाऊक आहे. पण हे पत्र माझे सहकारीही वाचतील, डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसणारी माणसंही वाचतील. म्हणून थोडं मुळापासून सांगते.

एमआरआयचं मशीन शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी हलवतं आणि ती पूर्वपदावर येताना जो संकेत देतात तो टिपतं. गॅडोलिनियमच्या आयनात सात सुटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो एक जबरदस्त छोटा चुंबक असतो. तो जवळ असला की पाण्याची केंद्रकं लवकर पूर्वपदावर येतात आणि प्रतिमेत ती जागा उजळते. किती औषधानं हा वेग किती वाढतो, त्याच्या मापाला रिलॅक्सिव्हिटी म्हणतात. भाचीच्या स्लाइडवरचे ‘२० पट’ ते हेच.

अडचण अशी की मोकळं गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास असतो, त्यामुळे शरीरात जिथं कॅल्शियमचं काम चालतं तिथं ते घुसतं. म्हणून त्याला खेकड्याच्या नांगीसारख्या एका रेणूत पकडून देतात. असं पहिलं औषध, गॅडोपेंटेटेट, अमेरिकेत १९८८ साली मंजूर झालं. या नांग्या दोन प्रकारच्या. एक लांबट, दोन्ही टोकं मोकळी असलेली, म्हणजे रेषीय. दुसरी चहूबाजूंनी बंद कड्यासारखी, म्हणजे मॅक्रोसायक्लिक. मी कामाला लागले तेव्हा आमच्या ट्रेमध्ये रेषीय औषधच असायचं. किडनी ठीक नसलेल्या पेशंटला ते देताना कुणी फारसा विचार करत नसे. उलट सीटी स्कॅनच्या आयोडीनपेक्षा हे किडनीला सोपं, असंच आम्हाला शिकवलं होतं.

मग २००६ साल आलं. १९९७ पासून अमेरिकेत किडनीच्या काही पेशंटांची कातडी जाड आणि लाकडासारखी टणक होताना दिसत होती, सांधे आखडत होते. २००० साली त्याचं पहिलं वर्णन छापून आलं. पण त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडायला २००६ उजाडलं. ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी आणि पाठोपाठ डेन्मार्कमधल्या गटानं तो दाखवून दिला. या आजाराचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. किडनी चालत नसली की औषध शरीरात रेंगाळायचं, रेषीय नांगीची पकड जस्त-कॅल्शियमसारखे आयन सैल करायचे आणि सुटलेलं गॅडोलिनियम कातडीत जाऊन बसायचं. औषध बाजारात येऊन तोवर १८ वर्षं झाली होती. त्या १८ वर्षांपैकी शेवटची काही वर्षं मीही सिरिंज भरत होते. आमच्या सेंटरवर असा पेशंट आम्हाला दिसला नाही. पण स्कॅन करून गावी गेलेल्या माणसाची कातडी दोन महिन्यांनी कशी झाली, हे तंत्रज्ञाला कोण सांगायला येतो? ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

पुढे २०१४ साली जपानमधून बातमी आली की वारंवार काँट्रास्ट घेतलेल्या माणसांच्या मेंदूतल्या काही भागांत खुणा राहिलेल्या दिसतात, आणि तेही काँट्रास्टविना काढलेल्या प्रतिमांत. किडनी ठणठणीत असलेल्यांच्याही. त्यानं नेमका काही अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी २०१७ साली युरोपनं बहुतेक रेषीय औषधं थांबवली आणि अमेरिकेनं नवा इशारा छापायला लावला. आज मॅक्रोसायक्लिक औषधांमुळे कातडीच्या त्या आजाराची भीती जवळपास संपली आहे. २०२२ साली अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉल मंजूर झालं, ते निम्म्या मात्रेत काम करतं. हे मुद्दाम सांगते आहे. तुमचे बरेच शोधनिबंध आजही अशी सुरुवात करतात की सध्याची औषधं धोकादायक आहेत आणि आमचा पिंजरा सुरक्षित आहे. तुलना १९८८ च्या औषधाशी करू नका. आज आमच्या ट्रेमध्ये जे आहे, त्याच्याशी करा.

आता तुमच्या पिंजऱ्याकडे येते. १९८५ च्या सप्टेंबरात ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात ६० कार्बन अणूंचा चेंडू सापडला आणि लगेच त्याच गटाला लँथॅनमचा अणू आत असलेल्या चेंडूच्याही खुणा मिळाल्या. १९९६ चं नोबेल त्या शोधाला मिळालं. आत धातू आहे हे दाखवायला रसायनशास्त्रज्ञ ‘@’ ही खूण वापरतात, ईमेलच्या पत्त्यात असते तीच. म्हणजे जीडी@सी८२ याचा अर्थ ८२ कार्बनच्या पिंजऱ्यात गॅडोलिनियमचा एक अणू. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला फार आवडलं. नांगी उघडू शकते, पिंजऱ्याला दारच नाही. जस्त येवो की कॅल्शियम, गॅडोलिनियम बाहेर काढायला कार्बनचे बंध तोडावे लागतील. कल्पना म्हणून हिला तोड नाही, आणि तुम्ही तिच्यामागे तीन दशकं का लागलात हे मला कळतं.

शिवाय एक कोडं तुम्ही सोडवलंत, त्याचं मला आजही नवल वाटतं. गॅडोलिनियम आत बंद असेल तर पाण्याला त्याचा स्पर्शच होणार नाही, मग प्रतिमा उजळणार कशी? पण आतला अणू आपले तीन इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतो, आणि पिंजऱ्याबाहेर लावलेले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याशी सतत हायड्रोजनची देवघेव करत राहतात. वर हे पिंजरे पाण्यात एकटे राहत नाहीत. त्यांचे पुंजके होतात. पुंजका मोठा, म्हणून तो सावकाश गिरक्या घेतो, आणि सावकाश गिरक्यांमुळे रिलॅक्सिव्हिटी चढते. जपानमधल्या नागोयाच्या शिनोहारांच्या गटानं २००१ साली ४० हायड्रॉक्सिल लावलेल्या जीडी@सी८२ साठी १ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) ८१ हा आकडा दिला. तुलनेला घेतलेल्या गॅडोपेंटेटेटचा होता ४ च्या जरा आत. तिथून ते ‘२० पट’ आलेले.

आणि नेमकं इथंच मला थांबायचं आहे. कारण आजींच्या प्रश्नाचं उत्तर या पुंजक्यात आहे.

भाचीनं १९९९ चा एक शोधनिबंध शोधून काढला. राइस विद्यापीठातल्या विल्सन यांच्या गटाचा. त्यांनी पिंजऱ्यात होल्मियम हा धातू ठेवला होता, किरणोत्सारी होल्मियम-१६६. ते कुठं जातं हे त्याच्या किरणांवरून थेट मोजता येतं. पिंजऱ्यावर हायड्रॉक्सिल गटच होते. उंदरांना ते टोचलं. सोबत तुलनेसाठी त्याच होल्मियमचं नांगीतलं रूप दुसऱ्या उंदरांना दिलं. नांगीतलं तासाभरात भराभर निघून जाऊ लागलं. पिंजऱ्यातलं यकृतात जाऊन बसलं आणि फार सावकाश कमी झालं. हाडांत जे गेलं ते हललंच नाही. मोठ्या उंदरांमध्ये पाच दिवसांत बाहेर पडलं ते साधारण २० टक्के. बाकीचं आत.

मी हे वाचलं तेव्हा भाचीला म्हटलं, तुझ्या स्लाइडवर हे हवं होतं. ती म्हणाली, मावशी, पुढचे बरेच जण हे उद्धृत करतात, पण एका ओळीत.

हे असं का होतं हेही तुम्हीच शोधलं आहे. रक्तात काही डझन नॅनोमीटरचा पुंजका फिरू लागला की यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला बाहेरचा कण समजून गिळतात. किडनीच्या चाळणीतून तो जाऊच शकत नाही. म्हणजे ज्या पुंजक्यानं तुम्हाला ८१ चा आकडा दिला, त्याच पुंजक्यानं औषधाला शरीरात अडकवून ठेवलं. एकच गुण एका तक्त्यात यश म्हणून छापला जातो आणि दुसऱ्या तक्त्यात जेमतेम उल्लेखापुरता येतो. मला हे दोन तक्ते एका पानावर शेजारी शेजारी हवे आहेत.

कारण हे पूर्वी झालेलं आहे, आणि माझ्याच क्षेत्रात. थोरोट्रास्ट नावाचं काँट्रास्ट १९३० च्या सुमारास आलं. थोरियम डायऑक्साइडचे बारीक कण. एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या इतक्या सुरेख दिसत की डॉक्टर हरखून जात. टोचल्यावर पेशंटला काही होत नसे, उलटी नाही, पुरळ नाही. ते फक्त बाहेर पडत नसे. यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत आयुष्यभर राहायचं. वीस-तीस वर्षांनी त्या यकृतांत कॅन्सर सापडू लागले. थोरियम किरणोत्सारी असतं, गॅडोलिनियम नसतं, त्यामुळे तुमच्या पिंजऱ्याची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. पण प्रतिमा उत्तम, त्या दिवशी त्रास शून्य आणि मुक्काम यकृतात, हे तीन शब्दप्रयोग एकत्र दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. तो तुमच्याही पोटात यावा असं मला मनापासून वाटतं.

आता मला सगळ्यांत आवडलेला शोधनिबंध. तो २००३ चा आहे, विल्सन यांच्याच गटाचा आणि कोलोरॅडोतल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी सी६० च्या पिंजऱ्यात गॅडोलिनियम घेतलं आणि बाहेर हायड्रॉक्सिलऐवजी कार्बोक्सिलच्या (आम्लाच्या गटांच्या) जोड्या लावल्या, दहा जोड्या. हे पिंजरे पुंजके कमी करतात. उंदरांत ते यकृतात अडकून राहिले नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या कुठल्याही मेटॅलोफुलरीनबद्दल हे पहिल्यांदाच दिसत होतं. आणि त्याची रिलॅक्सिव्हिटी किती? ४.६. म्हणजे आमच्या ट्रेमधल्या साध्या औषधाइतकीच.

स्पर्धेत मांडला तर हा आकडा हरलेला दिसेल. पण मला आजींच्या खाटेजवळ उभं राहायचं असतं, आणि तिथून बघताना ४.६ हा ८१ पेक्षा मोठा आकडा आहे. तुमच्यातल्या ज्यांनी त्या वाटेनं पुढं जायचं ठरवलं त्यांना माझा नमस्कार. ज्यांनी नाही ठरवलं त्यांना विनंती की ती वाट पुन्हा बघा. पुंजका न करता, एकेक पिंजरा सुटा ठेवून रिलॅक्सिव्हिटी थोडी तरी वर नेता येईल का? ४.६ वरून १५ वर आलात आणि दोन दिवसांत औषध शरीराबाहेर गेलं, तर माझ्यासारख्या हजार तंत्रज्ञांना त्याचा उपयोग आहे. ८१ वरून १५० वर गेलात आणि ते यकृतातच राहिलं, तर तो आकडा आमच्या खोलीपर्यंत कधी पोचणारच नाही.

हा ८१ चा आकडा मुळात किती टिकतो हाही प्रश्न आहे. २००५ साली स्वित्झर्लंडमधल्या मर्बाख यांच्या गटानं राइसच्या लोकांबरोबर दाखवलं की सी६० मध्ये गॅडोलिनियम असलेल्या पिंजऱ्यांच्या अशाच पुंजक्यांत मीठ, विशेषतः फॉस्फेट घातलं की ते फुटतात आणि रिलॅक्सिव्हिटी घसरते. आम्लतेनुसारही ती बदलते. रक्तात मीठ असतं, फॉस्फेटही असतं, आणि किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात तर फॉस्फेट जास्तच साठतं. डायलिसिसच्या पेशंटांना फॉस्फेट कमी करायच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, त्या त्यांच्या पिशवीत मी रोज बघते. मग शुद्ध पाण्यात मोजलेला आकडा त्या माणसांसाठी काय सांगतो? कृपा करून सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात मोजा, ३७ अंशांवर मोजा, आणि १.५ व ३ टेस्लाला मोजा, कारण आमची मशीन तीच आहेत. सावकाश गिरक्या घेणाऱ्या रेणूंचा फायदा चुंबक मोठा झाला की ओसरतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं आहे.

एक गोष्ट पिंजऱ्याच्या मजबुतीबद्दल. शोधनिबंधांत वाचते की पिंजरा उघडत नाही, म्हणून गॅडोलिनियम सुटणार नाही. औषध दोन दिवसांत बाहेर जात असेल तर मी हे सहज मानेन. पण ते भक्षक पेशींच्या पोटात वर्षानुवर्षं राहणार असेल तर? २०१० साली असं दिसून आलं की आपल्या पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर कार्बनच्या नळ्याही कुरतडून संपवतं. कार्बन म्हणजे अभंग, असं तोवर समजलं जात होतं. तुम्ही तर पिंजऱ्याला पाण्यात विरघळवण्यासाठी त्याच्यावर तीस-चाळीस ठिकाणी गट लावता. हे गट पिंजऱ्याचे दुहेरी बंध खर्च करून लागतात. असा पिंजरा त्या विकरांसमोर वर्षभर कसा टिकतो, हे उंदरांत वर्षभर बघूनच कळेल. पाच दिवसांत कळणार नाही, आणि गणितातूनही नाही.

मला ठाऊक आहे की वर्षभर उंदीर सांभाळायला पैसा लागतो आणि विद्यार्थ्याची फेलोशिप संपत येते. त्या आधी माल हवा, तोही कुठं आहे? ग्रॅफाइटच्या कांड्यांत गॅडोलिनियमचा ऑक्साइड भरायचा, हेलियममध्ये विजेचा चाप पेटवायचा आणि जी काजळी पडेल तिच्यातून हवे ते पिंजरे वेचायचे. काजळीत ते अगदी चिमूटभर असतात. भाचीनं आणि मी हिशेब केला. आजींना नेहमीच्या मात्रेत, किलोमागे ०.१ मिलिमोल, जवळपास साडेनऊ मिलिलिटर औषध लागलं आणि त्यात गॅडोलिनियम होतं पाऊण ग्रॅम. वीस पट प्रभाव धरला तरी एका आजींच्या एका स्कॅनला साधारण २७५ मिलिग्रॅम जीडी@सी८२ लागेल, तोही हायड्रॉक्सिल लावण्याआधीचा. तुमचे प्रयोग मिलिग्रॅमवर चालतात. आणि मला आवडलेल्या त्या ४.६ वाल्या पिंजऱ्याचा हिशेब तर आणखी कठीण. एका स्कॅनला चार ग्रॅमच्या वर नुसता पिंजरा. म्हणून मी उद्या औषध द्या असं म्हणत नाही. इतकंच म्हणते की जो चिमूटभर माल हाती येतो त्यातला मोठा वाटा रिलॅक्सिव्हिटीचा आणखी एक आलेख काढण्यात जाऊ नये. तो कुठं जातो, किती राहतो आणि किती काळ, यासाठी राखून ठेवा. तुमच्यापैकी जे निधीच्या समित्यांवर बसतात त्यांनी अशा लांब अभ्यासाला वेळ आणि पैसा मंजूर करावा, तोही उत्तर प्रतिकूल येण्याची शक्यता गृहीत धरून.

जिथं औषध राहायलाच हवं अशी जागाही आहे. व्हर्जिनियातल्या डॉर्न आणि फटूरोस यांच्या गटांनी तीन गॅडोलिनियम आणि एक नायट्रोजन पोटात घेतलेला सी८० चा पिंजरा थेट मेंदूतल्या गाठीत सोडून बघितला. पुढे त्यांनी त्याच पिंजऱ्याला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडलं आणि उंदरांच्या मेंदूतल्या गाठीवर उपचार केला. उंदीर जास्त जगले आणि औषध गाठीतच आहे ना हे एमआरआयवर आठवडे-आठवडे दिसत राहिलं. तिथं मुक्काम हाच गुण. ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या जीवघेण्या कॅन्सरच्या माणसाला पुढच्या ३० वर्षांची चिंता परवडत नाही. मला वाटतं मेटॅलोफुलरीनचा पहिला खरा उपयोग अशाच कुठल्या तरी कोपऱ्यात होईल, आमच्या रोजच्या ट्रेमध्ये नाही. तसं असेल तर तसंच लिहा. एकाच शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत रोजचं काँट्रास्ट आणि शेवटी ट्यूमरचा उपचार, असं दोन्ही घालू नका. आणि तीन गॅडोलिनियमच्या पिंजऱ्याचा आकडा देताना तो एका पिंजऱ्यामागे आहे की एका गॅडोलिनियममागे, हे पहिल्याच ओळीत सांगा. आमची तुलना तिथंच चुकते.

आजींचा प्रश्न आता मला आणखी एका बाजूनं विचारायचा आहे, आणि याचं उत्तर मला कुठंच वाचायला मिळालं नाही. तुमचा पिंजरा डायलायझरमधून, म्हणजे डायलिसिस मशीनच्या बारीक तंतूंच्या चाळणीतून जातो का? आजचं औषध लहान रेणू आहे, ते त्या तंतूंच्या छिद्रांतून सहज निघतं. म्हणूनच आम्ही सकाळी स्कॅन आणि दुपारी डायलिसिस असं बांधून घेतो. सुटा पिंजरा एक नॅनोमीटरच्या आसपास आहे, वर गट लावले तरी तो निघायला हरकत नसावी. पुंजका मात्र त्या छिद्रांत मावणार नाही. हे तपासायला उंदीर लागत नाही. एक वापरायचा डायलायझर, एक पंप, थोडं सीरम आणि तुमचं काही मिलिग्रॅम औषध लागेल. ज्यांच्यासाठी सुरक्षित काँट्रास्ट हवं म्हणून तुम्ही प्रस्तावनेत किडनीच्या पेशंटांचं नाव घेता, त्यांच्यासाठी एवढा एक प्रयोग कुणीतरी करा.

औषध शरीरातून निघालं तरी गोष्ट संपत नाही, हेही जाता जाता नोंदवते. १९९६ सालीच बर्लिनमधल्या नद्यांत माणसानं सोडलेलं गॅडोलिनियम मोजलं गेलं. ते सांडपाण्याच्या प्रक्रियेतून तसंच पार होतं. आमच्या सेंटरची मोरीही शेवटी कृष्णेकडेच जाते. पण त्यावर वेगळं पत्र लागेल.

आजींची गाठ साधी निघाली, रक्तवाहिन्यांची. रिपोर्ट न्यायला त्यांचा नातू आला होता. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा स्कॅन करायला सांगितलं आहे. तेव्हाही मी उजव्या हाताला शीर शोधेन आणि दुपारच्या डायलिसिसची वेळ आधी विचारून घेईन.

तुमच्यापैकी कुणी मिरज-सांगलीकडे आलात तर सेंटरवर जरूर या. गुरुवारी दुपारी मशीन थोडं मोकळं असतं. काँट्रास्ट कसं भरतात, किती सेकंदांत जातं, पेशंट काय काय विचारतात, सगळं दाखवते. येताना तुमच्या औषधाच्या उत्सर्जनाचा तक्ता मात्र बरोबर आणा.

आपली,
मिरजेतील एक एमआरआय तंत्रज्ञ